पेठ बँकेचा परदेशी कक्ष

नवरा-बायकोचं आडनाव एकच असतं, ही गोष्ट जगात सगळीकडे खरी आहे असं मी एकोणीसशे अडुसष्टच्या मे महिन्यापर्यंत समजत होतो. समजूत चुकीची निघाली, हे मला मान्य आहे. पण हुबळीच्या दाजिबान पेठेतल्या बँकेत नव्या खात्यांच्या खिडकीमागं एकोणीस वर्षं काढलेल्या माणसानं दुसरं काय समजावं? माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तेच केलं असतं, आणि माझ्याइतक्या नम्रपणे केलं नसतं.

झालं असं, की आमचा शिपाई कृष्णा खिडकीशी येऊन म्हणाला, "अण्णा, बाहेर दोन चेक आलेत."

"मग क्लिअरिंगच्या टेबलावर ठेव."

"ठेवता येत नाहीत री. एक बाई आहे."

गोकुळ रोडला यंत्रांची दातेरी चक्रं कापणारा नवा कारखाना निघाला होता, आणि तो उभा करून द्यायला चेकोस्लोवाकियाहून चार इंजिनियर सव्वा वर्षापूर्वी आपापल्या बायकांसह आले होते. त्या देशाचं पूर्ण नाव घ्यायला कृष्णाला वेळ नसे. तो त्यांना चेक म्हणायचा. बँकेत या शब्दानं काय काय घोटाळे होऊ शकतात हे सांगत बसलो तर मूळ गोष्ट राहील.

जोडप्यानं संयुक्त खात्याचा अर्ज भरला होता. नवऱ्याची सही वृबा. बायकोची वृबोवा. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तेच.

माझं इंग्रजी खात्यापुरतं. त्यांचं यंत्रापुरतं. तरी मी विचारलं, "ही तुमची पत्नी?"

"पत्नी."

"मग आडनाव वेगळं का?"

"वेगळं नाही. वृबा. बायको असेल तर पुढे ओवा."

ओवा आमच्याकडे पोट दुखलं की खातात. तो आडनावाला लावल्यानं लग्न सिद्ध होतं, असं बँकेच्या नियमावलीत कुठंही नव्हतं. मी नम्रपणे विवाहाचा दाखला मागितला. दाखला आला तो त्यांच्या भाषेत. मी नम्रपणे इंग्रजी भाषांतर मागितलं. तेही त्यांनी स्वतः करून आणलं. त्यावर मी नम्रपणे राजपत्रित अधिकाऱ्याची सही मागितली. तहसील कचेरीतला अधिकारी म्हणाला, मूळ कागद मला वाचता येत नाही, मग भाषांतर बरोबर आहे असं मी कसं लिहू? त्याचंही बरोबर होतं. या प्रकरणात सुरुवातीपासून सगळ्यांचं बरोबर होतं, आणि तीन आठवड्यांनी वृबासाहेबांनी कारखान्याचे मालक श्रीकांतराव यांच्यासमोर टेबलावर मूठ आपटली.

एरवी मूठ आपटल्यानं काही बिघडलं नसतं. पण त्याच दिवसांत आमच्या बँकेवर संकट आलं होतं. बेंगळूरच्या एका बड्या बँकेनं आमची छोटी पेठ बँक आपल्यात विलीन करून घ्यायचा प्रस्ताव पाठवला होता. अर्ध्या संचालकांना तो प्रस्ताव म्हणजे चांगल्या घरचं स्थळ वाटत होता, उरलेल्या अर्ध्यांना दरोडा. पंचवीस ऑगस्टला भागधारकांची सभा ठरली. विलीनीकरणाला दोन-तृतीयांश मतं लागत होती, आणि श्रीकांतरावांकडे इतके भाग होते की ते ज्या बाजूला बसतील ती बाजू जिंकणार. बड्या बँकेचा माणूस त्यांच्या घरी जाऊन कॉफी पिऊन आला होता. "तुमच्या परदेशी पाहुण्यांचं साधं खातं यांना उघडता येत नाही," असं तो म्हणाल्याचं पेठेत सगळ्यांना ठाऊक झालं.

आमचे मॅनेजर राघवेंद्रराव. बँकेत गेली बारा वर्षं मराठी गिऱ्हाईकांशी बोलून त्यांचं मराठी झकास झालं होतं, पण रागावले की ते मातृभाषेत जात.

"महिंद्रकर, एन माडिद्री इदन्न? काय केलंत हे? तुमच्या ओव्यापायी बँक जाईल की री माझी!"

"साहेब, नियमाप्रमाणं..."

"नियम बेंगळूरला जाताना बरोबर घेऊन जा. तिथं तुम्हाला नव्या साहेबांच्या दारात स्टुलावर बसवतील."

आता माझा स्वभाव असा, की अपमान झाला की माझ्या तोंडून एक मोठं वाक्य निघून जातं आणि मग मला त्याच्या मागं पळावं लागतं. मी म्हणालो, "साहेब, त्यांची सेवा आपण त्यांच्या भाषेत करू. परदेशी ग्राहक कक्ष काढू. बेंगळूरवाल्यांकडेसुद्धा नसेल."

"भाषा कोणाला येते?"

"मी शिकतो."

राघवेंद्ररावांनी खिशातलं पेन काढलं. मग सभेच्या तीन दिवस आधी, बावीस ऑगस्टला सकाळी अकरा वाजता कक्षाचं उद्घाटन श्रीकांतरावांच्या हस्ते होईल, असं कॅलेंडरवर लिहून टाकलं. माझ्याकडे सत्तर दिवस होते.

पण त्यांची भाषा कोणती? केशवापुरात आमच्या शेजारी हणमंतप्पा राहायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. सबंध आयुष्य गाडीच्या शेवटच्या डब्यातून पुढचं सगळं जग पाहिल्यामुळं त्यांना कुठल्याही विषयावर खात्रीनं बोलता येई. भिंतीवर कोपर ठेवून ते म्हणाले, "अण्णा, त्यात काय? रशियन. तिकडचे सगळे रशियनच बोलतात. आपल्याकडे नाही का, मद्रासपासून पुढं सगळे मद्रासी?"

मला ते पटलं. पटण्याचं आणखी एक कारण असं, की दुर्गदबैलच्या बाजारात मॉस्कोत छापलेली पुस्तकं विकणारी गाडी उभी असायची आणि तिथं रशियन शिकण्याचं जाडजूड पुस्तक जवळपास फुकट मिळत होतं. चेक भाषेचं पुस्तक हुबळीत नव्हतं, धारवाडात नव्हतं, बेळगावात विचारलं तर दुकानदारानं चेकबुक बँकेत मिळेल असं सांगितलं.

रशियन भाषा अवघड आहे असं लोक उगाच म्हणतात. ती फार अवघड आहे. नुसता नमस्कार म्हणायचा तर तोंडात सहा-सात व्यंजनं एकावर एक रचून मग हळूच सोडावी लागतात. मी पहाटे परसात उभा राहून नमस्कार करू लागलो. तिसऱ्या दिवशी पलीकडून हणमंतप्पांच्या सूनबाईंनी सर्दीवरचा काढा पाठवला. पुस्तकातली वाक्यंही बँकेच्या कामाची नव्हती. "सामूहिक शेतावर यंदा बीट उत्तम आले आहे." "बंधो, ट्रॅक्टर कोठे आहे?" मी ट्रॅक्टरच्या जागी पासबुक घालून सराव केला. बीट तसंच ठेवलं.

माझी बायको कुसुम पहिले पंधरा दिवस काही बोलली नाही. सोळाव्या दिवशी म्हणाली, "तुम्ही झोपेत कुणाला तरी बंधो बंधो म्हणत होता. घरात बाई मी एकटीच आहे. मला काय समजायचं ते सांगा."

त्यातच मी कम्युनिस्ट झाल्याची बातमी गवळ्यानं गल्लीभर वाटली. साध्या वेशातला एक पोलीस चौकशीला आला. दोन कप चहा प्याला, पुस्तक उलटसुलट पाहिलं आणि जाताना मेहुण्याच्या दुकानासाठी कर्जाचा फॉर्म मागून घेऊन गेला.

खरी कसोटी होती पाटीची. कक्षावर रशियन लिपीत पाटी हवी, असा राघवेंद्ररावांचा आग्रह. मी पुस्तकातून एकेक अक्षर काढून कागदावर मोठं लिहिलं आणि पेठेतल्या तुकाराम पेंटरला दिलं. रशियन लिपीत एक अक्षर इंग्रजी एन उलटा केल्यासारखं असतं आणि एक आर उलटा केल्यासारखं. पाटी तयार होऊन आली तेव्हा तुकाराम अभिमानानं म्हणाला, "अण्णा, घाईत तुमच्याकडून पाच अक्षरं उलटी पडली होती. मी सुलटी केली. पैसे तेवढेच द्या."

त्याला पुन्हा उलटी करायला लावलं. कारागीर माणूस. त्याचे हात वळेनात. "माझं नाव खाली लिहू नका," एवढीच त्यानं विनंती केली.

एकवीस तारखेला संध्याकाळी मी रेडिओ बंद करून भाषण पाठ करत होतो. भिंतीवर हणमंतप्पांचं डोकं उगवलं. "अण्णा, रेडिओवर रशियाचं सांगतायत बघा!"

"सांगणारच," मी म्हणालो. "उद्या आमच्याकडेही तेच आहे."

"तसं नव्हे री, त्या चेक लोकांच्या..."

"हो हो, त्यांच्याचसाठी. अकरा वाजता या, ऐकायला मिळेल."

माझ्या रशियन व्यंजनांचा गडगडाट पुन्हा सुरू झाला तसं ते डोकं खाली गेलं. त्या दिवशी मी त्यांना एक मिनिट बोलू दिलं असतं तर? पण सत्तर दिवसांत माझा आत्मविश्वास इतका वाढला होता की त्याच्या पलीकडचं मला काही ऐकू येत नव्हतं.

बावीस तारखेला बँक झेंडूनं सजली होती. श्रीकांतराव आले. चारही चेक जोडपी कारखान्याच्या गाडीतून आली आणि पहिल्या रांगेत बसली. त्यांचे चेहरे पांढरे होते, पण ते नेहमीच पांढरे असल्यानं माझ्या लक्षात काही आलं नाही. वृबोवाबाईंचे डोळे सुजलेले दिसले. मला वाटलं, आमची धूळ त्यांना मानवत नाही.

श्रीकांतरावांनी पाटीवरचा पडदा ओढला. मी पुढं झालो, छाती भरून घेतली आणि एकही व्यंजन न सांडता रशियन नमस्कार केला. मग म्हणालो, अर्थातच रशियनमध्ये, "प्रिय बंधूंनो! आम्ही तुमच्या मदतीला आलो आहोत. तुमचं घर ते आमचं घर!"

एकानंही टाळी वाजवली नाही. मला वाटलं, भारावले. म्हणून मी तेच पुन्हा, जरा मोठ्यानं म्हणालो.

वृबासाहेब उठले. हा सहा फुटी माणूस खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. त्यांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत एवढंच विचारलं, "इथेसुद्धा?"

मग आठही जण एकामागून एक बाहेर गेले. गळ्यातले हार त्यांनी काढून टेबलावर नीट ठेवले होते. फेकले असते तर मला बरं वाटलं असतं.

श्रीकांतराव हळू आवाजात म्हणाले, "महिंद्रकर, तुम्ही पेपर वाचता का?"

"वाचतो साहेब. दुपारच्या सुट्टीत, बँकेचा."

"आज सकाळीच वाचायला हवा होता."

कृष्णानं पेपर आणून माझ्यापुढं धरला. परवा मध्यरात्री रशियाचे रणगाडे चेकोस्लोवाकियात शिरले होते. प्रागच्या रस्त्यांवर ते उभे होते. आणि आम्ही बंधू म्हणून मदतीला आलोत, आम्हाला बोलावणं होतं, असं रशियाचं म्हणणं होतं.

मी माझ्या खिडकीमागं जाऊन बसलो. समोर पासबुकं येत होती, मी त्यांवर शिक्के मारत होतो. पहिल्यांदाच मला पेठेतल्या कुठल्याही माणसाकडे मान वर करून पाहवत नव्हतं. माणसाची फजिती झाली की लोकांचं प्रेम उफाळून येतं. पाटी रातोरात पुसून तिथं गणपती काढावा, असं तुकाराम पेंटरचं मत पडलं. मी आठ दिवस आजारी पडावं, असं कृष्णाला वाटलं. राघवेंद्ररावांनी माफीपत्राचा मसुदा करायला घेतला, पण एका संचालकानं त्यातला 'चूक' शब्द खोडून 'प्रकार' केला, दुसऱ्यानं 'प्रकार' खोडून 'प्रसंग' केला, आणि सभेआधी काही लेखी देणं धोक्याचं आहे असं म्हणून तिसऱ्यानं सगळा कागदच कपाटात ठेवला.

घरी आलो तर कुसुमला सगळं आधीच कळलेलं. ती भाकऱ्या थापत होती.

"पत्र देणार होते बँकेतर्फे," मी म्हणालो, "पण..."

"पत्र कशाला?" ती म्हणाली. "त्यांच्या घरी एवढं झालंय. आपल्याकडे असं झालं की काय करतात? भेटायला जातात. हातपाय धुवा."

"तोंड कसं दाखवू?"

"जे आहे तेच दाखवा. दुसरं कुठलं आणणार?"

दिवेलागणीला आम्ही टांग्यानं देशपांडे नगरात वृबांच्या बंगलीवर गेलो. कुसुमच्या हातात भाकरी आणि वांग्याच्या भाजीचा डबा. पुढच्या खोलीत आठही जण एका छोट्या रेडिओभोवती बसले होते. रेडिओवर शेतकऱ्यांसाठी खताविषयी माहिती चालली होती.

मला दारातच पाहून वृबासाहेब ताठ झाले. कुसुम मात्र माझ्या बाजूनं सरळ आत गेली, वृबोवाबाईंच्या शेजारी टेकली, त्यांच्या हातावर हात ठेवला आणि मराठीत म्हणाली, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

बाईंना त्यातलं अक्षर कळलं नसणार. त्या उठल्या आणि आतून एक फोटो घेऊन आल्या. आई, भाऊ, भावाची लहान मुलगी. कुसुम एकेकावर बोट ठेवत गेली आणि बाई एकेक नाव सांगत गेल्या. माझ्या सत्तर दिवसांच्या अभ्यासानं जे झालं नाही ते तिनं बसल्या बसल्या केलं, याची माझ्या मनात त्याही वेळी नोंद झाली.

मी वृबासाहेबांसमोर उभा राहिलो. भाषण नव्हतं. म्हणालो, "साहेब, मी चुकीची भाषा शिकलो. पेपर वाचला नव्हता. मला माफ करा."

"किती दिवस शिकलात?"

"सत्तर."

त्यांनी सुस्कारा सोडला. "मला शाळेत सक्तीनं आठ वर्षं शिकवली. तुमचे उच्चार माझ्यापेक्षा चांगले आहेत." मग त्यांच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. "त्यामुळंच जास्त लागलं."

त्यांच्या रेडिओवर परदेशी स्टेशन लागत नव्हतं. दोन दिवस घरची खबर नाही, तारा जात नाहीत. हणमंतप्पांकडे सहा पट्ट्यांचा, परदेशी स्टेशनंही धरणारा भलामोठा रेडिओ होता, तो ते सूनबाईंनाही पुसू देत नसत. मी टांगा परत वळवला. मला वाटलं, त्यांच्या नाकदुऱ्या काढाव्या लागतील. मी अर्धं वाक्य बोललो तोवर ते रेडिओला चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन टांग्यात बसले होते. "काल तेच सांगत होतो की री तुम्हाला," एवढंच म्हणाले, आणि पुढं सबंध रस्ता त्यांनी तो विषय काढला नाही. हा त्यांचा मोठेपणा.

बंगलीच्या मागच्या माडाला तार बांधून हणमंतप्पा खुंटी फिरवू लागले. शिट्ट्या, खरखर, कुठलंतरी अरबी गाणं. आणि मग दमेकऱ्यासारखा खोल आवाज. आठही माणसं एकदम पुढं झुकली. तो त्यांच्या भाषेत बोलत होता. आम्हाला तिघांना काही कळत नव्हतं, तरी हणमंतप्पांनी तासभर खुंटीवरचं बोट काढलं नाही. आवाज बुडायला लागला की ते केसभर वळवून त्याला पुन्हा वर काढत. त्यांच्या बोटाला मुंग्या आल्या होत्या, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी गल्लीत सगळ्यांना सांगितलं.

शुक्रवारी वृबा पतिपत्नी बँकेत आले. मी जुना अर्ज काढला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'नवऱ्याच्या आडनावास ओवा जोडला असता पत्नी होते. समक्ष खात्री केली.' सही ठोकली. आमच्या बँकेची नावांची सूची अजून देवनागरीत असे. तीत नाव घालताना मी सहज मोठ्यानं म्हणालो, "वृबोवा."

बाई थांबल्या. "पुन्हा म्हणा."

"वृबोवा. वृक्षातला वृ."

दीड वर्षात हिंदुस्थानात कोणी त्यांचं नाव नीट घेतलं नव्हतं म्हणे. कुणी विरबा म्हणे, कुणी वर्बा. कृष्णा तर साहेबांना वीरभद्रप्पा म्हणायचा आणि ते ओ द्यायचे. ज्या ऋकारानं शाळेत माझे गुण कापले होते तो असा उपयोगी पडला. मग बाईंनी मला त्यांच्या भाषेतले पाच शब्द शिकवले. नमस्कार, कृपया, आभार, बसा, उद्या. बँक चालवायला एवढे पुरतात. खरं तर 'उद्या' एकटा पुरतो.

रविवारी सभा. शाळेच्या सभागृहात पेठेतले सगळे व्यापारी जमले. श्रीकांतराव पुढं बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. वृबासाहेब मागं, पाहुणे म्हणून. बड्या बँकेचा प्रतिनिधी उठला. देखणा माणूस, पांढरा सूट. तो इंग्रजीत बोलू लागला आणि वीस मिनिटं बोलतच राहिला.

गोदावरीबाई म्हणून आमच्या एक जुन्या भागधारक होत्या. नवऱ्यामागं तीस वर्षं लुगड्यांचं दुकान चालवलेली बाई. त्या मध्येच म्हणाल्या, "हा बाबा म्हणतोय तरी काय? कुणी सांगाल का?"

राघवेंद्ररावांनी माझ्याकडे बोट केलं. "महिंद्रकर, तुम्ही भाषा कक्ष ना? चला."

तीन दिवसांपूर्वीच माझ्या तोंडानं बँक बुडवली होती. पण उठलो, आणि ठरवलं की आपल्या पदरचं काही घालायचं नाही. तो जे बोलला ते तसंच्या तसं मराठीत आणि मग कानडीत सांगितलं. ते म्हणतात, आम्ही तुमचे थोरले भाऊ. ते म्हणतात, तुम्ही लहान आहात, तुम्हाला एकट्यानं जमायचं नाही. ते म्हणतात, आम्ही केवळ मदतीला आलो आहोत, आणि तुमच्यातल्याच काहींनी आम्हाला बोलावलं आहे.

शेवटचं वाक्य बोलताना माझी जीभ अडखळली. गोदावरीबाईंनी पदर सारखा केला, वळून संचालकांच्या रांगेकडे पाहिलं आणि विचारलं, "यार करदार्री इवरन्न? बोलावलं कुणी ह्यांना? हात वर करा बघू."

एकाही संचालकाचा हात वर गेला नाही. ज्यांनी खरंच बोलावलं होतं ते छताकडे बघू लागले. आधी मागं कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळं सभागृह.

"बाई काय म्हणाल्या?" मागून वृबासाहेबांनी इंग्रजीत विचारलं.

मी इंग्रजीत सांगितलं. त्यांनी पाहुण्याला शोभणार नाही अशा जोरानं टाळ्या वाजवल्या. ते भागधारक नाहीत, अशी हरकत प्रतिनिधीनं घेतली, ती नियमाला धरून होती आणि कोणी ऐकली नाही.

मतं मोजली. प्रस्ताव पडला. श्रीकांतरावांनी आमच्या बाजूनं मत दिलं होतं. बाहेर पडताना ते माझ्यापाशी थांबले. "तुमचं भाषण भयंकर होतं," ते म्हणाले. "पण त्या दिवशी माझी माणसं रडत घरी गेली, आणि त्यांच्या दारात त्या संध्याकाळी तुमच्याखेरीज कोणी गेलं नाही. मीसुद्धा नाही." आणि ते गाडीत बसले.

पुढच्या वर्षी सरकारनं मोठमोठ्या बँका ताब्यात घेतल्या, त्यात आम्हाला गिळायला आलेली बँकही गेली. तिला विचारायला कोणी सभासुद्धा बोलावली नाही. मी त्यात आनंद मानला नाही. दोन दिवसच मानला.

पण मला सांगायचं आहे ते अडुसष्टच्याच ऑक्टोबरातलं. सोमवारची सकाळ, बाजाराचा दिवस, माझ्या खिडकीपुढं दारापर्यंत रांग. वृबोवाबाई धापा टाकत आल्या, रांग मोडून सरळ पुढं. हातात निळं पाकीट. आईचं पत्र, दोन महिन्यांनी आलेलं. साहेब कारखान्यात होते. बाईंना ते कोणालातरी वाचून दाखवल्याशिवाय राहवत नव्हतं, आणि हुबळी शहरात त्यांच्या भाषेचा अधिकृत कक्ष एकच होता.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. मला पाच शब्द येत होते. पहिल्या पानात त्यांतला एकही आला नाही. मी पेन खाली ठेवलं आणि उभा राहिलो. बसून ऐकणं बरं दिसलं नसतं. दुसऱ्या पानावर त्यांचा आवाज कापला, तिसऱ्यावर त्या मध्येच खळखळून हसल्या, म्हणून मीही हसलो. राघवेंद्रराव केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं आणि ते दाराला टेकून ऐकू लागले. रांगेतलं कुणीही कुरकुरलं नाही. पत्र संपलं तेव्हा बाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, "समजलं?"

"हो," मी म्हणालो. माझ्या नोकरीतलं हे एकमेव खोटं, आणि ते खोटं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

रांगेत पहिला उभा होता तो अळणावरकडचा एक शेतकरी, डोक्याला पटका, बगलेत छत्री. इतका वेळ तो बाईंच्या तोंडाकडे एकटक बघत होता. आता जरा पुढं वाकून त्यानं त्यांनाच विचारलं, "एल्लारू आराम अदारेन्री, अक्का? सगळे बरे आहेत ना?"

भाजीबाजारात दीड वर्ष काढलेल्या बाईंना भाषांतराची गरज पडली नाही. पत्राची घडी छातीशी धरून त्या म्हणाल्या, "आराम अदार्री, अण्णा. एल्लारू आराम."